इंजिन ऑइल घेताना आधी पुस्तक, मग कॅन

ऑइलच्या दुकानात काउंटरवर नेहमी कानावर पडणारा प्रश्न म्हणजे, "चांगलं ऑइल कुठलं?" दुकानदार त्याच्याकडे जे असेल किंवा ज्यात त्याला बरं मार्जिन सुटतं ते काढून देतो. गिऱ्हाईक मोठ्या कंपनीचं नाव बघून निर्धास्त होतं. पण नावाजलेल्या कंपनीचं सर्वांत महागडं ऑइलही तुमच्या गाडीला चुकीचं असू शकतं, आणि पेट्रोल पंपावर मिळणारं सर्वो किंवा मॅक तिला अगदी नेमकं असू शकतं. ऑइल कंपनीच्या नावावरून निवडायचं नसतं. ते ग्रेड बघून, म्हणजे ५डब्ल्यू-३० यासारखे आकडे बघून निवडायचं, आणि जोडीला मानक बघायचं, म्हणजे एपीआय एसपी, एसीईए सी३ अशी अक्षरं. तुमच्या गाडीला यातलं काय हवं हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात छापलेलं आहे.

हे पुस्तक बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात इन्शुरन्स आणि पीयूसीच्या कागदांखाली असतं. सेकंडहँड गाडी घेतल्यामुळे ते मिळालं नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरून मॉडेल आणि वर्ष बघून उतरवून घेता येतं. शेवटच्या प्रकरणांत तांत्रिक माहितीची पानं असतात. तिथे 'इंजिन ऑइल' या नावाखाली ग्रेड, मानक आणि किती लिटर लागतं हे दिलेलं असतं. लिटरचा आकडा फिल्टर बदलला तर वेगळा आणि न बदलला तर वेगळा असतो. अनेक पुस्तकांत बाहेरच्या तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडचा तक्ताही असतो. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली ऑइल ओतायच्या झाकणावरही ग्रेड कोरलेली सापडते.

शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे म्हणून त्याचं ऑइल आपल्याला चालेल असं मात्र धरू नका. एकाच नावाच्या गाडीत इंजिनं वेगवेगळी असतात. स्विफ्ट एके काळी १.२ लिटरच्या पेट्रोल आणि १.३ लिटरच्या डिझेल अशा दोन्ही इंजिनांत मिळायची. त्या दोन्ही इंजिनांचं ऑइल एक नाही. नाव तेच राहून मॉडेल बदललं की इंजिनही बदलतं आणि त्याबरोबर ऑइलही.

आकडे काय सांगतात

ही ग्रेड अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेली आहे. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार ऑइलचा दाटपणा सांगतो. ०डब्ल्यू ऑइलची गार इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर, १५डब्ल्यूची उणे २० वर. नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरचा, १०० अंश सेल्सिअसचा दाटपणा दाखवतो. दाटपणा मोजण्याचं एकक सेंटिस्टोक. २० च्या ग्रेडला १०० अंशांवर ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० ला ९.३ ते १२.५, ४० ला १२.५ ते १६.३ अशा मर्यादा आहेत.

मग निफाडला कडाक्याच्या थंडीतही पारा दोन-तीन अंशांच्या आसपास थांबतो, तर उणे ३० च्या चाचणीचं आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ऑइलच्या कॅनवर मिळत नाही, कंपनी प्रसिद्ध करते त्या माहितीपत्रकात मिळतं. त्यात ४० आणि १०० अंश अशा दोन तापमानांचा दाटपणा दिलेला असतो. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांवर साधारण ११० सेंटिस्टोक भरतं, ५डब्ल्यू-३० साठ-पासष्ट आणि ०डब्ल्यू-२० चाळीस-पंचेचाळीस. १०० अंशांवर तीच ऑइलं अनुक्रमे चौदा-साडेचौदा, दहा-साडेदहा आणि आठच्या आसपास येतात.

आता ४० अंश म्हणजे काय, तर नागपुरात मे महिन्यातली सावलीत उभी केलेली गाडी. त्या उन्हाळ्यातसुद्धा इंजिन सुरू करताना आतलं ऑइल तापलेल्या इंजिनातल्या ऑइलच्या पाच ते साडेसात पट दाट असतं. आपल्या हवेत गाडी सुरू करताना ऑइल कधीच जास्त पातळ नसतं. असतं ते नेहमी दाटच. चावी फिरवल्यावर पहिले काही क्षण कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या माथ्यापर्यंत ऑइल पोचायचं असतं आणि झिजेच्या दृष्टीने हाच काळ वाईट असतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल सहसा वर लवकर चढतं. महाराष्ट्रात त्या आकड्याचा उपयोग हा आहे.

ऊन जास्त म्हणून ऑइल जाड?

या एका समजुतीपायी चांगल्या इंजिनांचं नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबतो. "आपल्याकडे उन्हाळा कडक, कंपनीचं पाणचट ऑइल टिकणार नाही, २०डब्ल्यू-५० टाका," हा सल्ला अजून अनेक गॅरेजांत मिळतो. देणारा मिस्त्री फसवत नसतो. अँबॅसिडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या काळात हा सल्ला बरोबरच होता. त्या इंजिनांच्या भागांमधल्या फटी मोठ्या, ऑइल आजच्या मानाने साधं, आणि २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हीच त्यांची खरी ग्रेड. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी जपून ठेवलेली आहे त्यांनी आजही तेच घालावं. आजच्या पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑइलांत फॉस्फरसवर मर्यादा असते, त्यामुळे झीज रोखणारं झिंकचं मिश्रणही कमी असतं, आणि जुन्या टॅपेटना ते पुरत नाही.

पण बाहेर ४५ अंश असताना इंजिनाच्या आत काय होतं ते बघा. रेडिएटरचं पाणी थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतात, गाडी चंद्रपुरात असो की महाबळेश्वरात. ऑइल त्याच्या आगेमागे, बहुतेक वेळा ९० ते ११० अंशांवर असतं. बाहेरच्या वीस अंशांच्या फरकाने रेडिएटरचं काम वाढतं. ऑइलचं तापमान त्या प्रमाणात वाढत नाही. इंजिन बनवणाऱ्याने ऑइल पंप, नळ्या आणि बेअरिंगच्या फटी हे सगळं या चालू तापमानाचा आणि ठरलेल्या ग्रेडचा हिशेब करून आखलेलं असतं. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शंभरांश भागांएवढीच असते, म्हणजे केसापेक्षाही बारीक.

शिवाय आजच्या इंजिनात ऑइलकडे वंगणाखेरीजही कामं आहेत. टाइमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा बारीक छिद्रांतून येणाऱ्या ऑइलवर चालते. पिस्टनच्या पोटावर ऑइलची चिळकांडी मारून त्याला गार करणारी इंजिनं आहेत. ०डब्ल्यू-२० साठी आखलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं की सकाळी सुरू करताना चेनचा खडखडाट लांबतो, व्हॉल्व्हची यंत्रणा मागे पडते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो आणि ॲव्हरेज हमखास उतरतं.

उलट चूकही तितकीच महागात पडते. ॲव्हरेज वाढेल या आशेने ४० ग्रेडच्या इंजिनात २० घालू नका. मानकानुसार १५० अंशांच्या तापमानात आणि भागांच्या घर्षणात टिकून राहणारा किमान दाटपणा २० च्या ग्रेडला २.६, ३० ला २.९ आणि ४० ला ३.५ एककं असावा लागतो. जे बेअरिंग ३.५ धरून बनवलंय ते २.६ वर उघडं पडेल.

मग दाट ग्रेड घ्यावी कधी? पुस्तकातल्या तक्त्यात दोन-तीन ग्रेड दिल्या असतील तेव्हा. समजा ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही चालतात असं लिहिलंय, आणि तुमची गाडी उन्हाळ्यात भरलेली घेऊन समृद्धी महामार्गावर तासन् तास १२० च्या वेगाने धावते किंवा वरचेवर आंबोलीसारखा घाट चढते. तर ४० घ्या. इंजिन दीड लाख किलोमीटर चाललेलं आहे, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल कमी होतंय, तरी तक्त्यातली दाट ग्रेड घेऊन बघायला हरकत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला असेल तर दाट ऑइलने तो काही दिवस झाकला जाईल. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेली असतात ती तशीच राहतात. पुस्तकात एकच ग्रेड असेल तर तीच घाला.

कॅनच्या मागची बारीक अक्षरं

दुकानात कॅन हातात घ्या आणि उलटा फिरवा. समोरच्या बाजूला इंजिनाचं चित्र, सोनेरी पट्टा आणि ठळक आकडे असतात. काम मागच्या बाजूला असतं. तिथे एक गोल चिन्ह दिसेल: वरच्या कडेला 'एपीआय सर्व्हिस एसपी' असं काहीतरी, मध्ये ग्रेड, आणि काही ऑइलांवर खालच्या कडेला इंधनबचतीचा उल्लेख. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. एस ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनाची, सी ने सुरू होणारी डिझेलची. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. एसएम २००४ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं आणि एसक्यू २०२५ चं. पेट्रोलच्या रांगेत नवं मानक जुन्याची जागा घेतं, त्यामुळे पुस्तकात एसएन लिहिलं असेल तर त्याच ग्रेडचं एसपी बेधडक घ्या. एसपी लिहिलं असेल तर मात्र दुकानात उरलेलं एसएन किंवा एसएम घेऊ नका.

टर्बो पेट्रोल गाडी असेल तर हे फार मनावर घ्या. एक लिटरच्या आसपासची टर्बो इंजिनं कमी फेऱ्यांवर मोठा जोर काढतात. घाटात गिअर न उतरवता वरच्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की कधी कधी सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याआधीच स्फोट होतो. ऑइल आणि पेट्रोलचा मिसळलेला थेंब हे त्याचं एक कारण मानतात, आणि ऑइलमधल्या कॅल्शियमच्या मिश्रणामुळे हा प्रकार वाढतो असं चाचण्यांत दिसलं. याने पिस्टनच्या कडा तुटतात. एसपी मानकात या प्रकाराविरुद्धची आणि टाइमिंग चेनच्या झिजेची अशा दोन्ही चाचण्या आहेत. म्हणून या ऑइलांत कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलेलं असतं. टर्बो पेट्रोलमध्ये एसपीच्या खालचं ऑइल घालायचं नाही.

डिझेलवाल्यांसाठी सर्वांत मोठा बदल १ एप्रिल २०२० ला झाला. त्या दिवसापासून देशात बीएस ६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. काजळी साठली की इंजिन जादा उष्णतेने ती जाळून टाकतं. पण जळालेल्या ऑइलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. युरोपच्या एसीईए या वाहन उत्पादक संघटनेच्या मानकांत सी ने सुरू होणारी सगळी मालिका, म्हणजे सी२, सी३, सी५ वगैरे, याच कामाची आहे. सी३ ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. बीएस ४ च्या जमान्यातलं सीआय-४ डिझेल ऑइल अजून दुकानांत मिळतं आणि ते वाईट नाही; जुन्या डिझेल गाडीला, ट्रॅक्टरला ते चालतं. बीएस ६ गाडीत ते घातलं तर पहिल्या महिन्यात काहीच कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी डीपीएफचा दिवा वरचेवर लागायला लागतो, आणि नव्या फिल्टरचा खर्च ऐकून हबकायला होतं. इथे एक घोळ टाळा: एपीआयचं सी म्हणजे डिझेल, एसीईएचं सी म्हणजे कमी राख. अक्षर एक असलं तरी मानकं दोन वेगळी आहेत.

युरोपीय गाड्यांच्या पुस्तकात यापुढे जाऊन कंपनीचा स्वतःचा क्रमांक असतो: मर्सिडीझचा एमबी २२९.५१, फोक्सवॅगनचा ५०७ ००, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात टाइमिंगचा पट्टा ऑइलमध्येच फिरतो, त्यामुळे त्याला कंपनीने सांगितलेलंच ऑइल लागतं. भलत्या ऑइलने पट्टा खराब होतो, त्याचे कण सुटून ऑइल पंपाची जाळी तुंबते. असा क्रमांक बघताना कॅनवरचे शब्द नीट वाचा. 'अप्रूव्हल' किंवा 'अप्रूव्ह्ड' म्हणजे गाडी कंपनीने मान्यता दिलेली. 'मीट्स' किंवा 'सूटेबल फॉर' म्हणजे ऑइल कंपनीचं स्वतःचं म्हणणं. वॉरंटीतल्या गाडीला पहिलंच घ्या.

आणि घरात मोटारसायकल असेल तर तिचं उरलेलं ऑइल गाडीत किंवा गाडीचं मोटारसायकलमध्ये घालू नका. मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून तिला जासो एमए किंवा एमए२ मानकाचं ऑइल लागतं. गाडीच्या इंधनबचतीच्या ऑइलने तो क्लच सरकायला लागतो.

मिनरल की सिंथेटिक

यावर वाद फार होतात, मुद्दा त्या मानाने छोटा आहे. सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसतं, गारव्यात कमी थिजतं आणि हळू बिघडतं. बाजारातलं बरंचसं 'फुल सिंथेटिक' कच्च्या तेलावरच हायड्रोजनची खोल प्रक्रिया करून बनवलेलं असतं. त्याने बिचकायचं कारण नाही, ते चांगलं असतं. 'सेमी सिंथेटिक'मध्ये मात्र सिंथेटिक किती टक्के असावं याचं कुठलंही बांधील प्रमाण नाही, त्यामुळे त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. ०डब्ल्यूची ऑइलं सिंथेटिकच असतात, ५डब्ल्यूची बहुतेक सिंथेटिक किंवा सेमी, म्हणजे नव्या गाडीला ग्रेडनेच हा प्रश्न सोडवलेला असतो. टर्बो असेल तर सिंथेटिकच हवं. टर्बोचा दांडा लालभडक तापणाऱ्या बाजूला असतो, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि तिथे साधं ऑइल जळून कोळशासारखं जमतं. पंधरा वर्षांची, टर्बो नसलेली, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणारी पेट्रोल गाडी असेल तर पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं मिनरल दरवर्षी बदला. ती गाडी सुखात राहील.

बदलायचं कधी

आपल्याकडे बहुतेक पुस्तकांत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. हा आकडा शहरातल्या गाडीला जसाच्या तसा लावू नये. हिंजवडीला जाऊन-येऊन सरासरी ताशी २० किलोमीटर पडत असेल तर १०,००० किलोमीटरला इंजिन ५०० तास चाललेलं असतं. महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने तेच अंतर १६७ तासांत होतं. मीटर एकच आकडा दाखवतो, ऑइलने मात्र तिप्पट तास सोसलेले असतात. पुस्तकातच पुढे बारीक अक्षरांत 'कठीण वापर' असा वेगळा तक्ता असतो: थांबत-थांबत चालवणं, छोट्या फेऱ्या, धूळ, ओझं. मुंबई-पुण्यातली रोजची गाडी त्या तक्त्यात बसते. माझं मत विचाराल तर तिचं ऑइल सात-साडेसात हजारांना उतरवावं.

ज्यांची गाडी रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होते, मुलांना शाळेत सोडणं, स्टेशन, मंडई, त्यांचं ऑइल तर सर्वांत लवकर खराब होतं. ते पुरतं तापतच नाही. जळताना झालेलं पाणी आणि न जळालेलं पेट्रोल उडून न जाता ऑइलातच राहतं. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर दिसतो तो यामुळे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, आणि किलोमीटर कितीही कमी झाले तरी वर्षाला ऑइल बदला. तोच दुधाळ रंग डिपस्टिकवर दिसला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

रंगावरून मात्र ऑइलची परीक्षा होत नाही. डिझेलचं नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं, कारण ते काजळी आपल्यात धरून ठेवतं. तेच त्याचं काम आहे. सीएनजी गाडीत उलटं होतं. गॅस स्वच्छ जळतो, काजळी नसते, म्हणून ऑइल दहा हजारांनंतरही सोनेरी दिसतं आणि चालक म्हणतो, अजून चालेल. पण उष्णतेने आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी त्यातली मिश्रणं संपत आलेली असतात. सीएनजीवाल्यांनी मीटर बघून बदलावं.

दर ऑइल बदलीला फिल्टरही बदला. जुना फिल्टर तुंबला की त्यातली झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल इंजिनात फिरतं.

पंधरा दिवसांतून एकदा सकाळी गाडी सपाट जागेवर असताना डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या आणि वरच्या खुणेमधलं अंतर बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटरचं असतं, म्हणून घालताना पाव-पाव लिटर घाला. वरच्या खुणेच्या वर भरू नका. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. बीएस ६ डिझेलमध्ये पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका: काजळी जाळताना जादा सोडलेलं डिझेल ऑइलात उतरलेलं असतं, आणि ते ऑइल लगेच बदलावं लागतं. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर तो पातळीचा नाही, दाबाचा आहे. तिथल्या तिथे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' म्हणेपर्यंत इंजिन सीज होतं. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहून पाणी इंजिनापर्यंत चढलं असेल तर स्टार्टर मारूच नका. टो करून न्या, आधी ऑइल तपासू द्या.

वाटेत ऑइल कमी पडलं आणि आपलं मिळत नसेल तर त्याच ग्रेडचं आणि मानकाचं दुसऱ्या कंपनीचं खुशाल घाला. एपीआयच्या ऑइलांना एकमेकांत मिसळता येण्याची अट असते. कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गॅरेजमध्ये आणि काउंटरवर

गाडी द्यायच्या आधीच जॉब कार्डवर ग्रेड आणि मानक लिहून घ्या. छोट्या पेट्रोल इंजिनाला तीन-साडेतीन लिटर लागतं, दोन लिटरच्या डिझेलला पाच-सहा. तुमच्या पुस्तकातला आकडा माहीत असेल तर बिलातला चार लिटरचा आकडा कुठून आला हे विचारता येतं. उरलेलं ऑइल तुमचं आहे, घरी आणा, टॉप-अपला उपयोगी पडतं. कॅन तुमच्या समोर फोडायला सांगा. यात मिस्त्रीवर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही. चांगला मिस्त्री स्वतःहून कॅन दाखवतो. सुटं, ड्रममधून मापाने काढलेलं ऑइल अनोळखी गॅरेजात घेऊ नका. इंजिन फ्लश आणि ऑइलात टाकायच्या बाटल्या यांना वेळेवर ऑइल बदलणाऱ्याने सरळ नाही म्हणावं. तयार ऑइलमध्ये मिश्रणांचं प्रमाण चाचण्या करून जमवलेलं असतं; वरून आणखी काही ओतल्याने ते बिघडू शकतं. बिलावर ऑइलचं नाव, ग्रेड, लिटर आणि त्या दिवशीचं किलोमीटर आलं पाहिजे. वॉरंटीत इंजिनाचं काम निघालं तर हेच कागद मागितले जातात.

नकली ऑइल हा खरा धोका आहे. कॅनचं सील अखंड आहे का, झाकणाची कडी तुटलेली नाही ना, बॅच क्रमांक आणि तारीख पुसट नाही ना, हे बघा. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा. छापील किमतीच्या निम्म्यात नामांकित ऑइल मिळत असेल तर ते घेऊ नका.

उतरवलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू देऊ नका. वाळवीवर म्हणून लाकडाला किंवा कुंपणाच्या खांबांना जळकं ऑइल फासायची आपल्याकडे सवय आहे; तीही सोडावी, कारण त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि घातक रसायनं असतात. धोकादायक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार उतरवलेलं ऑइल अशा कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. गॅरेज निवडताना ते कुठे देता, असं विचारा. आणि रिकामा कॅन भंगारात देण्यापूर्वी चाकूने आडवा कापा किंवा तळाला भोक पाडा. अख्खे कॅन लेबलासकट विकत घेऊन त्यांत भेसळीचं ऑइल भरणारे लोक आहेत, आणि तुमचा न कापलेला कॅन उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत रिकामा होतो.